विम्याच्या हप्त्यामागोमाग आलेली चित्रं

१९४३ साली न्यूयॉर्कमध्ये एक सचित्र पुस्तिका निघाली. मजकूर होता अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्या भाषणांचा, चित्रं ह्यूगो गेलर्ट यांची आणि प्रकाशक 'इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर'. ही ना प्रकाशनसंस्था, ना राजकीय पक्ष. कागदोपत्री ती कामगारांचा विमा उतरवणारी संघटना होती. विमावाल्यांना हा उद्योग सुचला कसा, हे कळायचं तर थोडं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आणि दक्षिण युरोपातून लाखो माणसं अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत कामाला आली. आजारपण, अपघात, मरण, कशालाच सरकारी आधार नव्हता. मग एका गावचे, एका भाषेचे लोक वर्गणी काढून मंडळं उभारत. गिरणगावातल्या गावकरी मंडळांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू कामगारांचं 'वर्कमेन्स सर्कल' हे त्यातलं एक नावाजलेलं मंडळ. कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्यातलं भांडण तिथे विकोपाला गेलं आणि १९३० मध्ये सुमारे पाच हजार डावे सभासद बाहेर पडले. त्यांनी काढलेली संघटना म्हणजेच ही ऑर्डर.

ती वाढली ती क्रांतीच्या घोषणांपेक्षा विम्यामुळे, असं माझं मत आहे. व्यापारी कंपन्या कृष्णवर्णीयांकडून जास्त हप्ता घेत किंवा त्यांना दारातूनच परत पाठवत. ऑर्डरमध्ये गोऱ्याला आणि काळ्याला दर एकच होता. जिवाला रोज धोका असलेल्या खाणकामगारालाही तिथे जागा होती. ज्यू, हंगेरियन, इटालियन, युक्रेनियन, पोलिश, स्पॅनिशभाषक अशा सगळ्यांचे वेगवेगळे विभाग होते आणि विभागांखाली गावोगावचे लॉज, म्हणजे स्थानिक शाखा. १९४७ च्या सुमारास सभासदसंख्या १ लाख ८० हजारांच्या पुढे गेली होती.

पुस्तिकांचं गणित या रचनेतच दडलं आहे. लॉजच्या बैठका ठरलेल्या, वर्गणी भरायला येणारी माणसं ओळखीची. पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या हातात पुस्तिका द्यायला यापेक्षा सोपी वाट नव्हती. १९३८ मध्ये कवी लँग्स्टन ह्यूज यांचा संग्रह ऑर्डरने फक्त १५ सेंटला काढला आणि पहिलीच आवृत्ती १० हजारांची छापली. कवितासंग्रहाच्या दहा हजार प्रती! आपल्याकडच्या प्रकाशकांना विचारून बघा. चित्रांची गरजही तिथूनच आली. एकाच संघटनेत डझनभर भाषा बोलल्या जात आणि अनेकांचं इंग्रजी कामापुरतंच होतं. चित्राला भाषांतर लागत नाही.

चित्रकारांची वाण नव्हती. मंदीच्या काळात डाव्या मासिकांतून घडलेली एक आख्खी पिढी हाताशी होती. बुडापेस्टमध्ये जन्मलेले गेलर्ट त्यातले ज्येष्ठ. १९३४ मध्ये त्यांनी मार्क्सचं 'कॅपिटल' शिळाछापाच्या चित्रांतून मांडलं होतं. त्यांच्या चित्रातला कामगार आडदांड, रुंद खांद्यांचा, हात हातोड्यासारखे. पहिल्या महायुद्धात लढायला नकार देणारा त्यांचा भाऊ लष्कराच्या कोठडीत मेला होता. तेच गेलर्ट दुसऱ्या महायुद्धाच्या बाजूने चित्रं काढत होते.

वॉलेस यांचं मूळ भाषण ८ मे १९४२ चं. 'लाइफ' साप्ताहिकाचे मालक हेन्री ल्यूस यांनी आदल्या वर्षी हे शतक अमेरिकेचं असल्याचं लिहिलं होतं. वॉलेस म्हणाले, ते सामान्य माणसाचं व्हायला हवं. या भाषणातला दुधाचा किस्सा मला फार आवडतो. सोव्हिएत राजदूत लिट्विनोव्ह यांच्या पत्नीला वॉलेस अर्धं चेष्टेने, अर्धं गंभीरपणे म्हणाले होते की, जगातल्या प्रत्येकाला रोज एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध मिळावं, हा या युद्धाचा हेतू आहे. बाई म्हणाल्या, हो, अगदी अर्धा पिंट मिळालं तरी. म्हणजे जेमतेम पाव लिटर. विरोधकांनी पुढे या दुधाची यथेच्छ टिंगल केली.

अर्थात या पुस्तिकांकडे भाबडेपणाने बघण्यात अर्थ नाही. ऑर्डरचा राजकीय सूर कम्युनिस्ट पक्षाच्या सुराला बांधलेला होता. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांचा करार झाल्यावर अमेरिकेने युद्धात पडू नये, असा प्रचार चालला. २२ जून १९४१ ला जर्मन फौजा रशियात घुसल्या आणि तेच युद्ध एकदम जनतेचं झालं. सामान्य सभासदांतले कितीतरी जण मात्र नाझींविरुद्ध मनापासूनच उभे होते. त्यांचे नातलग युरोपात अडकले होते.

१९४४ मध्ये चित्रकार रॉकवेल केंट ऑर्डरचे अध्यक्ष झाले. विमा उतरवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षपदी चित्रकार, असं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने संघटनेला देशविघातक संस्थांच्या यादीत टाकलं. मग न्यूयॉर्क राज्याच्या विमा खात्याने ती बंद करण्यासाठी कोर्ट गाठलं. तिजोरी भक्कम होती, दाव्यांचे पैसे वेळेवर दिले जात होते. तरीही अशा राजकारणाच्या हाती विमेदारांचा पैसा धोक्यात आहे, हा युक्तिवाद कोर्टाने मानला. १९५१ मध्ये निकाल विरोधात गेला, सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला आणि १९५४ मध्ये ऑर्डर मोडीत निघाली. संघटनेची कागदपत्रं आता कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.