हुकुमदार, एगकॉर्न आणि महू

‘हू कम्स देअर?’ या इंग्रजी आरोळीचं हिंदुस्थानी पहारेकऱ्यांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झालं. इंदूरजवळच्या महूत छावणी पडली १८१८ साली, होळकरांशी मंदसौरचा तह झाल्यावर. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला हे उदाहरण घरचंच वाटतं. पण चुकीचं ऐकण्यात खुद्द इंग्रजही मागे नाहीत. त्यांच्या ‘अ नॅप्रन’मधला ‘न’ शेजारच्या उपपदाला चिकटून ‘अ‍ॅन एप्रन’ झाला, ‘न्यूट’ या पालीसारख्या प्राण्याच्या नावाने उलट उपपदाचा ‘न’ पळवला (‘अ‍ॅन यूट’चं ‘अ न्यूट’). जुन्या कायद्यातल्या ‘इन्टेन्ट्स अँड पर्पजेस’चं ‘इन्टेन्सिव्ह पर्पजेस’ तर आजही लिहिलं जातं, आणि ‘कुड हॅव’चं ‘कुड ऑफ’सुद्धा.

या चुकांना नावं मात्र अलीकडे मिळाली. १९५४ साली एका अमेरिकन लेखिकेने लहानपणचा घोटाळा सांगितला: जुन्या पोवाड्यातलं ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ (त्याला हिरवळीवर ठेवलं) तिला ‘लेडी मॉन्डेग्रीन’ ऐकू आलं होतं. गाण्यातल्या अशा चुकांना तेव्हापासून ‘मॉन्डेग्रीन’ म्हणतात. २००३ साली भाषाशास्त्रज्ञांच्या चर्चेत ‘एकॉर्न’ला, म्हणजे ओकच्या फळाला, ‘एगकॉर्न’ म्हणणाऱ्या बाईंचा विषय निघाला आणि तोच शब्द पारिभाषिक ठरला.

गुंता इथून सुरू होतो. मॉन्डेग्रीनमध्ये अर्थ कुठेही भरकटतो. एगकॉर्नमध्ये रूप बदलतं, वापर तोच राहतो आणि नव्या रूपालाही काहीतरी अर्थ लागतो. ते फळ दिसतंही अंड्यासारखं. सगळा समाजच ते रूप बोलू लागला, की अभ्यासक त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर एकमत होणं कठीण, कारण किती जण बोलले म्हणजे समाज?

महूचं (MHOW) ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ हे अनेकजण याच चुकीच्या ऐकण्याच्या टोपलीत टाकतात. ते चूक आहे. तिथे कुणाच्या कानाने दगा दिलेला नाही. गावाच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांना मागाहून गोष्ट चिकटवली, एवढंच. (गावाचं अधिकृत नावही २००३ सालीच बदलून डॉ. आंबेडकर नगर झालं, आता अक्षरं जुळवणाऱ्यांनी काय करावं?)

‘हुकुमदार’ मात्र कसोटीला उतरतो. आवाज जवळचा, पहाऱ्यावरचा वापर तोच, आणि हवालदार-सुभेदारांच्या पंगतीत बसेल असा अर्थही लागतो. तरी एगकॉर्नची उदाहरणं देताना तो सहसा कुणी घेत नाही; त्याची गणती ‘मोडक्या इंग्रजी’त होते.