कार्बोरेटर ओव्हरहॉल करून नेल्यानंतर

तुमच्या फियाटचा, अँबेसडरचा किंवा जुन्या मारुती ८०० चा कार्बोरेटर आम्ही उघडून, धुऊन, नवं किट टाकून दिला आहे. आता गाडी जरा मिसिंग करू लागली की लगेच स्क्रू फिरवायचा मोह होतो. तो आवरा. ठिणगीचा पॉइंट जळालेला असेल, ठिणगीचं टायमिंग हललेलं असेल किंवा व्हॉल्व्हचे टॅपेट घट्ट असतील, तर स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा धिमा वेग) बसत नाही, आणि आमची सेटिंग मात्र जाते. आधी ही तीन कामं तपासून घ्या.

सगळ्यांत जास्त तक्रार येते ती अशी: इंजिन गरम झालं तरी गाडी स्लोला बंद पडते, पण चोक अर्धा ओढला की छान चालते. याचा अर्थ पेट्रोल-हवेचं मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. कार्बोरेटरच्या बुडाशी कान नेऊन 'सूं' आवाज येतो का ऐका. पंख्यापासून मात्र लांब राहा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकली आहे का, तेही बघा. बुडाचे नट आलटून पालटून, थोडेथोडे आवळायचे. एकच बाजू करकचून आवळली की कड वाकते, मग नवं पॅकिंगही टिकत नाही.

हवा कुठंच ओढत नसेल, तर स्लो जेटमध्ये (स्लोला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) कचरा अडकलाय. जुन्या टाकीतला गंज धुतलेल्या कार्बोरेटरमध्येही पुन्हा येतोच, म्हणून आम्ही पारदर्शक फिल्टर बसवतो. तो तांबूस दिसला की बदला. जेट फक्त हवेच्या प्रेशरनं साफ करायचा, तारेनं कधीच नाही. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवर १२० लिहिलंय म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचं. मागे एका गाडीचा जेट कुणीतरी तारेनं कोरला होता. भिंगाखाली भोक लांबट झालेलं दिसत होतं. मालक कित्येक महिने काळा धूर आणि ढासळलेलं ॲव्हरेज सोसत होते. शंभरेक रुपयांच्या पितळी तुकड्यानं केवढं नुकसान केलं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

गगनबावड्याच्या घाटात ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर दचकत असेल, तर कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) बघायचा. इंजिन बंद आणि गार असताना एअर फिल्टर काढा, आत बघत लिंक हातानं ओढा. पेट्रोलची सरळ धार उडायला हवी. बिडी-काडी जवळ नको.

आता पेट्रोल पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतं, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं. पण त्याच जेटमधून मिश्रण थोडं लीन होतं, जुनं रबर फुगतं आणि इथेनॉल पाणीही शोषतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा.

स्लो स्वतःच सेट करायचा असेल तर इंजिन पूर्ण गरम हवं, चोक ओढलेला नको. सोलेक्सचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्या, मग दीड आटा बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत इंजिन सगळ्यांत गुळगुळीत चालेल ती जागा शोधा, आणि शेवटी आयडल स्क्रूनं वेग उतरवा. काही दिवस गाडी चालवून प्लग काढा: रंग बिस्किटासारखा हवा. पांढरा म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त).

तरी जमलं नाही तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा. सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं, ते आम्हाला स्वतः ऐकायचं असतं.