पॅकेट-नियोजन, ऑनलाइन

राऊटरमधून बाहेर पडणाऱ्या वाहिनीला झेपेल त्याहून जास्त पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, येऊ लागली, की कोणते आधी धाडायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे पुढची आवक ठाऊक नसताना ठरवावे लागते. असा निर्णय क्षणोक्षणी घेणाऱ्या, म्हणजे ‘ऑनलाइन’, अल्गोरिदमांचा अभ्यास या विषयात होतो. सगळी आवक आधीच कळली असती तर जास्तीत जास्त किती मूल्य पोहोचवता आले असते, त्याच्याशी अल्गोरिदमच्या कमाईची तुलना केली जाते. सर्वांत प्रतिकूल आवकेत ते कमाल मूल्य अल्गोरिदमच्या कमाईच्या किती पट भरते, ते प्रमाण म्हणजे स्पर्धात्मक गुणोत्तर. मोजण्याची ही पद्धत स्लीटर व टार्जन यांच्या १९८५ च्या लेखाने रुळली.

मुदतबंद प्रतिमानात प्रत्येक पॅकेटला मूल्य आणि मुदत असते, आणि एका कालखंडात एकच पॅकेट जाते. समजा, नागपुरात बजाजनगरातल्या एका वसतिगृहाच्या राऊटरवर रात्री दोन पॅकेटे थांबली आहेत. एक व्हिडिओ कॉलमधल्या आवाजाचे, मूल्य १०, याच कालखंडात बाद होणारे. दुसरे परीक्षा अर्जाचे, मूल्य ११, दोन कालखंड टिकणारे. जास्त मूल्याचे आधी धाडणारा हावरा अल्गोरिदम ११ कमावतो आणि आवाज गमावतो. क्रम उलटा असता तर २१ हाती आले असते. मात्र नजीकच्या मुदतीलाच नेहमी मान देणेही धोक्याचे. मूल्य १ चे बाद होऊ घातलेले पॅकेट आधी पाठवून १०० मूल्याचे थांबवले, आणि त्याच्या शेवटच्या कालखंडात त्याच मूल्याचे व त्याच मुदतीचे दुसरे येऊन ठेपले, तर त्यांतले एक जातेच.

या प्रतिमानाचे जनकत्व कोणाकडे, याबाबत एकमत नाही. केसेलमन, लोटकर, मन्सूर, पॅट-शमीर, शीबर व स्विरिडेंको यांचा लेख आणि हायेक यांचा स्वतंत्र लेख, दोन्ही २००१ चे. हावऱ्या अल्गोरिदमचे गुणोत्तर २ असल्याचे श्रेय दोघांनाही दिले जाते. कोणताही निश्चयात्मक, म्हणजे यादृच्छिक निवड न करणारा, अल्गोरिदम सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे सुमारे १.६१८ च्या खाली जाऊ शकत नाही, या सिद्धतेसाठी हायेक यांच्याबरोबरच अँडेलमन, मन्सूर व झू आणि चिन व फुंग (दोन्ही २००३) यांचीही नावे घेतली जातात. प्रकाशनक्रम पाहता हायेक यांना अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते.

वरची मर्यादा, म्हणजे एखाद्या अल्गोरिदमने गाठल्याचे सिद्ध झालेले सर्वांत कमी गुणोत्तर, मात्र हळूहळू उतरली: २००४ च्या सुमारास १.९३९, २००७ मध्ये १.८५४ आणि त्याच वर्षी इंग्लर्ट व वेस्टरमान यांची १.८२८. त्यानंतर बारा वर्षांनी, २०१९ मध्ये, व्हेसेली, ख्रोबाक, येझ व स्गाल यांनी नेमका १.६१८ गाठणारा अल्गोरिदम सिद्ध केला आणि दोन्ही मर्यादा जुळल्या. या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी फलश्रुती होय. यादृच्छिक निवडीला मुभा दिल्यास १.५८२ पर्यंत उतरता येते.

आल्या क्रमानेच पॅकेटे धाडायची, पण रांगेतली टाकून देण्याची सोय ठेवायची, अशा प्रतिमानात इंग्लर्ट व वेस्टरमान यांनी १.७३२ सिद्ध केले; खालची सिद्ध मर्यादा १.४१९ आहे. प्रत्यक्षातील राऊटर बहुधा रांग भरली की शेपटाकडची पॅकेटे गाळतात किंवा फ्लॉइड व जेकब्सन यांची १९९३ ची यादृच्छिक पूर्वगळती, म्हणजे रांग भरण्याआधीच काही पॅकेटे यदृच्छेने टाकून देण्याची रीत, वापरतात. या रीतींत पॅकेटच्या मुदतीचा विचार होत नाही.