पार्श्वभूमी : वर्गणीची पावती आणि मुंबईतील कामगार संघटनांचे हिशेब

मुंबईत एखाद्या कारखान्यातील संघटनेच्या हिशेबावरून वाद उठला, की तो बहुधा मान्यतेच्या, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलण्याचा हक्क कोणत्या संघटनेचा, या वादापर्यंत जाऊन पोहोचतो, कारण संघटनेचा सभासद कोण, हे राज्यातील कायद्यांनी वर्गणीच्या पावतीवरून ठरवले आहे. त्यामुळे जमाखर्चाची वही हीच संघटनेच्या बळाचा पुरावा झाली आणि ती कोणी तपासावी, हा प्रश्न हिशेबनिसांपुरता उरला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परळ-भायखळा भागात गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडणारी जी पहिली संस्था उभी राहिली, तिच्याकडे सभासदांची यादी, निधी आणि नियम यांपैकी काहीच नव्हते, असा शेरा त्या काळच्या सरकारी अहवालात आहे. शेरा खरा असला, तरी अशा नोंदी ठेवण्याची सक्ती करणारा आणि त्या ठेवणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाच तेव्हा नव्हता. मद्रासमधील एका गिरणीच्या टाळेबंदीनंतर १९२०-२१ मध्ये मालकांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना न्यायालयात खेचले आणि संरक्षणाच्या मागणीने जोर धरला.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्याने जो व्यवहार मांडला, तो पुढची जवळजवळ शंभर वर्षे टिकला. नोंदणी केल्यास संपाबद्दलच्या दिवाणी दाव्यांपासून आणि कटाच्या फौजदारी आरोपापासून संरक्षण मिळणार होते. त्याच्या बदल्यात सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येईल याची यादी पाळायची, राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायचा, त्यासाठी सभासदावर सक्ती करायची नाही आणि दरवर्षी लेखापरीक्षित विवरणपत्र संघटनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे पाठवायचे, अशा अटी होत्या. हिशेबाची पुस्तके पाहण्याचा हक्क सभासदालाही होता. विवरणपत्र न पाठवल्यास पाच रुपये दंड आणि कसूर चालूच राहिली, तर आठवड्याला आणखी पाच रुपये, पण एकूण पन्नास रुपयांपेक्षा अधिक नाही, असे कलमात होते. रुपयाची किंमत कितीही घसरली, तरी ही रक्कम तशीच राहिली. निबंधकाच्या नोटिशीचा धाक का वाटत नसे, हे एवढ्यावरून कळावे. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि तो अधूनमधून वापरलाही जाई. मात्र, त्याने बंद पडलेल्या संघटना कागदावरून कमी होत. चालू संघटनांचे हिशेब त्यामुळे सुधारत, असे म्हणता येणार नाही.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपाच्या वर्षी नव्या संघटनेची सभासदसंख्या काही शेकड्यांवरून पन्नास हजारांच्या वर गेली आणि खात्याखात्यांतून वर्गणी गोळा करण्याचे काम गिरणी समित्यांनी उचलले. परदेशी कामगारांकडून संपनिधीला आलेली मदत हा सरकारच्या विशेष आस्थेचा विषय होता. एरवी संघटनांच्या वह्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या यंत्रणेला हिशेबाची गोडी तेव्हा अचानक लागली.

आजच्या वादांचे मूळ मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानायची, कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क तिलाच द्यायचा आणि तिचे बळ वर्गणीदार सभासदांच्या टक्केवारीवरून मोजायचे, असा निर्णय त्यात झाला. १९७१ च्या महाराष्ट्राच्या मान्यताविषयक कायद्याने हेच तत्त्व इतर उद्योगांना लावले. अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के सभासद, दरमहा निदान पन्नास पैसे वर्गणी, आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक थकबाकी असलेला कामगार सभासद नाही, अशी त्याची मांडणी आहे. गुप्त मतदानाला या मोजणीत जागा दिली गेली नाही. मतदानामुळे क्षणिक लाटेवर आलेले पुढारी निवडले जातील, तर नियमित वर्गणी देणारा कामगार हाच संघटनेचा खरा आधार, असे समर्थकांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. पण पावती कोणीही फाडू शकतो, एकाच कामगाराच्या नावाच्या पावत्या दोन संघटनांच्या पुस्तकांत सापडतात आणि कामगाराच्या खिशातून न आलेली वर्गणीही जमेला दिसू शकते, हे तपासणी अधिकाऱ्यांपुढे वारंवार आले. त्यांना वह्या, पावतीपुस्तके आणि बँकेतील भरणा जुळवून कामगारांना एकेकट्याने विचारावे लागे आणि तोपर्यंत वर्ष उलटून जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या पद्धतीची मर्यादा उघडी पाडली. सुमारे अडीच लाख कामगार ज्या नेतृत्वामागे गेले, त्याला कायद्याने बोलण्याचा अधिकार नव्हता आणि ज्या संघटनेला तो होता, तिच्यामागे कामगार नव्हते. १९४६ चा कायदा रद्द करा, ही मागणी पगारवाढीच्या मागणीइतकीच मोठी झाली, तरी कायदा राहिला. योगायोग असा, की त्याच वर्षी वेतन प्रदान कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराच्या लेखी संमतीने संघटनेची वर्गणी पगारातून कापण्याची सोय झाली. त्यामुळे खोट्या पावत्यांना आळा बसला. पण वर्गणीदारांची यादी व्यवस्थापनाच्या हाती गेली आणि संघटना बदलू पाहणाऱ्या कामगाराला ते सोयीचे नव्हते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका केंद्रीय महामंडळातील वादात गुप्त मतदानाची कार्यपद्धती घालून दिली. राज्याच्या कायद्यातील मोजणी त्यामुळे बदलली नाही.

मान्यताप्राप्त संघटनेच्या हिशेबांचे सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून वर्षातून एकदा परीक्षण होऊ शकेल, अशी तरतूद १९७१ च्या कायद्यात आहे. मात्र खरी मोठी रक्कम मासिक वर्गणीतून येतच नाही. वेतनकरार झाला, की कामगारांना मिळणाऱ्या पगाराच्या थकबाकीतून ठरावीक टक्के संघटनेला देण्याची प्रथा मुंबई-ठाणे पट्ट्यात रुळली आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव असला, तरी प्रत्येक कामगाराची वेगळी संमती घेतली होती का, यावर तक्रारी होतात. ही रक्कम देणगी म्हणून दाखवली, की विवरणपत्रात तिच्यासाठी एक ओळ पुरते.

१९२६ च्या कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील किमान वर्गणी वर्षाला बारा रुपये केली आणि पदाधिकाऱ्यांतील बाहेरच्या व्यक्तींची संख्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तिच्यावर आणली. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करील, आणि तशी एकही नसल्यास निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बसेल, असे ती सांगते. तीस टक्क्यांवर मान्यता टिकवणाऱ्या अनेक स्थानिक संघटनांना आता त्याच वह्या घेऊन अधिक मोठा आकडा सिद्ध करावा लागेल.