गिअर ताकद निर्माण करत नाही

गिअरचं ॲनिमेशन व्हॉट्सॲपवर आलं की आमच्या ठाण्यात कुणीतरी म्हणतंच, "छोट्या चाकाने मोठं फिरवलं, ताकद तिप्पट! मग वीज फुकट का नाही?" वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. २० दात्यांचा गिअर ६० दात्यांचा गिअर फिरवतो, तेव्हा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिप्पट होतो हे खरं. पण फेरे एक तृतीयांशच उरतात. शक्ती, म्हणजे पॉवर, या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते, आणि ती वाढत नाही. उलट दात्यांच्या घर्षणात थोडी घटतेच. ॲनिमेशनमध्ये घर्षण दिसत नाही, तिथेच डोळा फसतो. गायमुखच्या चढावर बाईक पहिल्या गिअरमध्ये टाका. चढ निघतो, पण वेग पडतो, आणि पेट्रोल जळतंच.