डाना ३५ काढून काय बसवायचं? मागच्या ॲक्सलच्या वादाची पार्श्वभूमी

रँग्लर किंवा जुनी चेरोकी जीप घेतली की मागच्या ॲक्सलबद्दल (मागची चाकं फिरवणारा आडवा भाग, गिअरसकट) पहिला सल्ला ठरलेला असतो, कंपनीने बसवलेलं डाना ३५ काढून टाक. त्याच्या जागी काय बसवायचं यावर मात्र अमेरिकेतल्या ऑफरोडवाल्यांचं अजून एकमत नाही, आणि माझ्या मते भांडण बहुतेक वेळा चुकीच्या पार्टवरून होतं, म्हणून थोडं मागे जाऊन बघू.

फार जुनं थोडक्यात सांगतो. डाना ४४ चाळीसच्या दशकापासून विलीजच्या जीपला लागत आलंय, आणि विलीज १९४७ पासून मुंबईत जोडल्या जायला लागल्या त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे घराणं काही परकं नाही. पुढे १९७६ ते ८६ च्या सीजे जीपला एएमसी २० नावाचं ॲक्सल आलं. त्याचा क्राऊन (ॲक्सलच्या मधलं मोठं गोल गिअर) पावणेनऊ इंचाच्याही जरा वर, म्हणजे डाना ४४ च्या साडेआठ इंचापेक्षा मोठा, तरी नाव बदनाम झालं, कारण शाफ्ट (गिअरपासून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा) दोन तुकड्यांत होता. निमुळत्या टोकावर हब वेगळा दाबून बसवलेला असायचा आणि जोर आला की हब शाफ्टवरच फिरायचा. लोकांनी एकसंध शाफ्ट टाकले आणि तेच "कमकुवत" ॲक्सल निमूट चालायला लागलं. क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं गिअर, म्हणजे पिनियन, ठणठणीत आणि बोंब शाफ्टची, हे लक्षात ठेवा, पुढे परत हेच झालंय.

१९८४ ला चेरोकी आली, हलकी, चासी आणि बॉडी एकातच, आणि तिच्याबरोबर हे ३५ आलं. मग १९८७ ला रँग्लरलाही तेच लागलं. क्राऊन साडेसात इंचाच्या जरा वर, शाफ्ट २७ स्प्लाइनचा (टोकावरचे उभे दाते), जाडी १.१८ इंच. कंपनीच्या बाजूने बोलायचं तर निर्णय चूक नव्हता, अठ्ठावीस इंचाच्या आतबाहेरचे टायर, बाजारहाट, कधीतरी कच्चा रस्ता, एवढ्याला ते पुरून उरतं आणि आजही लाखभर मैल चाललेली ३५ कुरकुर न करता चालतायत.

बिघडलं ते नव्वदच्या दशकात, लोकांनी ३३ नि ३५ इंची टायर चढवले आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा पार्ट) टाकले तेव्हा. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) एक चाक हवेत गेलं की जोर तिकडेच वाया जातो, गाडी अडकते पण शाफ्ट वाचतो. लॉकर टाकला की सगळा जोर दगडात रुतलेल्या एकाच चाकाकडे जातो, वर टायर मोठा म्हणजे लिव्हर लांब, आणि १.१८ इंचाचा शाफ्ट एकटा ते सगळं सोसतो. तुटायच्या आधी तो सांगतोसुद्धा, बाहेर काढून बघितला तर स्प्लाइनच्या सरळ रेघा दोरीसारख्या पिळलेल्या दिसतात. असा शाफ्ट परत बसवू नये.

आता सी-क्लिप. यावर जेवढं भांडण झालंय तेवढं दुसऱ्या कशावर झालं नसेल. १९८९ पर्यंतच्या ३५ मध्ये शाफ्ट बाहेरच्या बाजूला, बेअरिंगपाशी अडकवलेला होता, नव्वदपासून मात्र तो आत, डिफरन्शियलमध्ये, इंग्रजी सी च्या आकाराच्या चकतीने अडकवायला लागले. म्हणजे शाफ्ट मधे कुठे तुटला तर बाहेरचा तुकडा धरून ठेवायला काही राहत नाही आणि चाक शाफ्टसकट बाहेर सरकतं. हे खरंय आणि भीतीदायक आहे, हायवेवर तर जास्तच. यातून असं पसरलं की सी-क्लिप म्हणजे वाईट ॲक्सल आणि सी-क्लिप नाही म्हणजे चांगलं. त्यातूनच ८९ पर्यंतचं ३५ "मजबूत" म्हणून लोक शोधायला लागले, जेव्हा त्याचा शाफ्टसुद्धा तेवढाच बारीक! चाक जागेवर राहील, पण शाफ्ट तुटायचा तो तुटणारच. आणि गंमत म्हणजे ३५ च्या जागी बसवायला ज्या फोर्ड ८.८ ची (फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीचं ॲक्सल) सगळे तारीफ करतात तेही सी-क्लिपवालंच आहे.

मग फरक कुठे आहे, तर जाडीत. एक्सप्लोररच्या ८.८ चा शाफ्ट ३१ स्प्लाइनचा, १.३२ इंच. ऐकायला फरक फक्त चौदा-पंधरा शतांश इंचाचा, पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनात वाढते, म्हणजे धातू सारखा धरला तर जवळपास चाळीस टक्के जास्त. डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा शाफ्ट १.३१ इंच, म्हणजे ८.८ च्या मांडीला मांडी लावून. "४४ म्हणजे ४४" असं छाती ठोकून सांगणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा, वर सगळी ४४ सारखीही नाहीत, काही ग्रँड चेरोकींना आलेल्या ४४ चं मधलं हौजिंग ॲल्युमिनियमचं आहे आणि ते ट्रेलवाले सहसा घेत नाहीत. सी-क्लिपची भीती ८.८ मध्ये थोडी कमी आहे ती डिस्क ब्रेकमुळे, शाफ्ट तुटला तरी कॅलिपर डिस्कला काही काळ धरून ठेवतो, ड्रमवाल्या ३५ मध्ये तसा आधार नाही. पण तो काही सेफ्टी पार्ट नाही, गाडी तिथेच थांबवायची.

८.८ जिंकलं ते खरं तर जुळण्यामुळे. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररमध्ये डिस्क ब्रेक फॅक्टरीतूनच, चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंचाच्या वर्तुळावर म्हणजे जीपचेच, रुंदी जीपपेक्षा जेमतेम एखादा इंच कमी, आणि भंगार यार्डात ढिगाने पडलेली. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ॲक्सलच्या रकान्यात डी४ दिसलं की ३.७३ गिअर रेशो आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल), आत न बघता कळतं. याच्यापेक्षा जाड ॲक्सल आहेत की, डाना ६० चा क्राऊन पावणेदहा इंचाचा आहे, पण ते जड, खाली लोंबणारं, आणि ३३ इंची टायरच्या गाडीला त्याचं ओझं उगाचच.

काम मात्र बोल्ट काढा-बोल्ट लावा असं नाही. एक्सप्लोररमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर बसतं आणि चेरोकीत उलट, पाटे ॲक्सलच्या वर असतात, त्यामुळे पाटे टेकायचे जुने बसके कापून नवे वेल्ड करावे लागतात, आणि वेल्ड करायच्या आधी पिनियनचा अँगल ठरवावा लागतो, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट (पुढून ॲक्सलपर्यंत जोर आणणारा लांब दांडा) थरथरतो. पिनियन मधोमध नसून एका बाजूला सरकलेला आहे, तेही धरायचं. ट्यूब (शाफ्ट ज्यातून जातात त्या दोन बाजूंच्या नळ्या) मधल्या बिडाच्या हौजिंगमध्ये दाबून बसवलेल्या असतात आणि जोराने त्यात फिरू शकतात, म्हणून लोक त्याही वेल्ड करून घेतात. बीड आधी तापवून आणि निकेल रॉडने केलं नाही तर चीर जाते. टीजे पिढीच्या रँग्लरला पाट्यांऐवजी कॉइल आणि लिंक असल्यामुळे ब्रॅकेटचं काम आणखी वाढतं.

याला पर्याय म्हणून ३५ साठीच ३० स्प्लाइनच्या जाड शाफ्टचं किट निघालं, लॉकरसकट, आणि खरा वाद इथे आहे. विरोधक म्हणतात शाफ्ट वाढवला तरी क्राऊन तोच छोटा आणि ट्यूब त्याच बारीक, एवढ्या पैशात अख्खं ८.८ येतं. हे बरोबर आहे, पण ज्याच्याकडे वेल्डर नाही, जागा नाही, ३३ च्या वर जायचं नाही आणि लॉकर तसाही घ्यायचाच होता, त्याला किट वाईट नाही. ३५ इंची टायर ठरलेले असतील तर मात्र किटवर खर्च करू नये असं मला ठाम वाटतं.

२००३ ला कंपनीने स्वतःच पुढे-मागे डाना ४४ आणि लॉकर देऊन रुबिकॉन नावाची रँग्लर काढली. २००७ पासूनच्या जेके पिढीच्या रुबिकॉनचं मागचं ४४ आणखी जाड, ३२ स्प्लाइनचं, पण रुंदी साधारण ६५ इंच आणि बोल्टचं वर्तुळ पाच इंची, म्हणजे जुन्या जीपला लावलं की पुढचंही बदला नाहीतर अडॅप्टर लावा.

भारतात हे सगळं कागदावर अडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल असं सांगतो की गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून बदलता येत नाही, म्हणून इकडचे लोक ॲक्सल बदलण्याऐवजी फॅक्टरीतूनच लॉकिंग डिफरन्शियल आलेली थार शोधतात.

आणि तिकडे ८.८ चा ढीगही आटतोय. २००२ पासून चार दरवाजांच्या एक्सप्लोररला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, त्यामुळे यार्डातलं सगळ्यात नवं जुळणारं ॲक्सलसुद्धा आता वीस वर्षांच्या पलीकडचं, बर्फात मीठ टाकतात त्या राज्यांमधलं असेल तर ट्यूब गंजलेल्या. आणायच्या आधी कव्हर उघडून तेल बघा, बोटाला धातूची चमक लागली तर सोडून द्या.