येऊर : डोंगर, जंगल आणि बारमाही भटकंती

येऊर. ठाणे शहराच्या पश्चिमेला, उपवन तलावाच्या वरच्या अंगाला पसरलेला डोंगरपट्टा आणि त्यावरचे गाव. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही पूर्वेकडची बाजू असून वनखात्याच्या दप्तरी येऊर हे उद्यानाचे एक वनपरिक्षेत्र आहे. पहाटे फिरायला येणारी वडीलधारी मंडळी, चढाचा सराव करणारे सायकलस्वार, दुर्बिणी गळ्यात घातलेले पक्षीनिरीक्षक, पावसात भिजायला आलेली कॉलेजची मुले आणि बंगल्यांत मुक्कामाला येणारी कुटुंबे, सगळ्यांची वाट इथूनच वर जाते. ‘येऊरला जाऊन येतो’ असे ठाणेकर बाराही महिने म्हणतो. मात्र तो काय पाहून येणार, हे महिन्यावर ठरते.

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०३ चौ. किमी. असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. कान्हेरीची लेणी आणि मुंबईला पाणी देणारे तुळशी व विहार तलाव डोंगराच्या पलीकडच्या, मुंबईच्या बाजूला आहेत. खडक ज्वालामुखीतून घडलेला. पाऊस वर्षाला साधारण २,५०० मि.मी., आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे, म्हणून इथले जंगल आर्द्र पानझडीचे आहे. साग, ऐन, हेदू, कुसुम, पळस, मोह हे वरचे वृक्ष आणि त्यांच्या पायाशी कारवीची दाटी. या पानझडीतच येऊरच्या बारमाहीपणाचे गुपित आहे. जुलैत ज्या वळणावर भरदुपारी अंधारून येते, त्याच वळणावरून एप्रिलमध्ये उघड्या फांद्यांतून खालचे शहर दिसते.

रस्ता उपवनवरून वर चढतो. वाटेत वनखात्याचा नाका लागतो, तिथे वाहनांची नोंद होते आणि रात्री बाहेरच्यांना अडवले जाते. पुढे वळणावळणाच्या चढावर एका बाजूला दरी आणि दुसरीकडे जंगल. ठाणे परिवहन सेवेची बस ठाणे रेल्वे स्थानकापासून पाटोणपाड्यापर्यंत येते. डोंगरावर हवाई दलाचा तळ आहे. त्या बाजूला फिरता येत नाही. आतल्या पायवाटांवर जायचे तर उद्यानाची परवानगी लागते, आणि सोबत माहीतगार माणूस असावा. कारवीच्या दाटीत वाट सहज चुकते.

पावसाळा ही इथली सर्वांत गाजलेली वेळ, पण खरी गंमत तो सुरू होण्याच्या आगेमागे आहे. मेच्या अखेरीस वळवाचे शिंतोडे पडले की काजवे चमकू लागतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर नवरंग पक्षी येतो आणि त्याची दुपदरी शीळ झाडीतून ऐकू येते. जमिनीतून शेवळ या रानभाजीचे कोंब वर येतात, लाल मखमली मृगाचे किडे मातीवर फिरताना दिसतात. ओढे वाहते झाले की त्यांच्या आवाजावर मात करत कस्तूर पक्षी गातो. माणसाने वाजवल्यासारखी ती शीळ पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे वळून पाहतो. याच दिवसांत पाड्यांवरच्या बायका शेवळे, कंटोळी, टाकळा, भारंगी टोपल्यांत भरून ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजाराकडे उतरतात. शेवळे बोंडग्यांबरोबर किंवा काकडाच्या फळांबरोबर शिजवावी लागतात, नाहीतर घसा खवखवतो. हे ज्ञान त्या भाजीबरोबरच विकत मिळते, विचारणारा हवा.

धबधब्यांची गर्दी मात्र जीवघेणी ठरते. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली पाणी काही मिनिटांत वाढते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय टिकत नाही. दुर्घटनांमुळे जिल्हा प्रशासन दरवर्षी पावसाळ्यात जिल्ह्यातील धबधबे आणि तलावांच्या परिसरात मनाईचे आदेश काढते. नवी मुंबईत खारघरच्या पांडवकड्याबाबतही हेच होते. तो आदेश पाळावा, पाऊस रस्त्यावरूनही तेवढाच सुंदर दिसतो.

गणपतीच्या सुमारास तेरडा फुलतो. दर सात-आठ वर्षांनी कारवीचा मोठा बहर येतो आणि उतारच्या उतार जांभळे होतात; बहरानंतर बी धरून ती झुडपे वाळून जातात. कारवीच्या सरळ काठ्या विणून त्यावर शेणमातीचा लेप दिला की कुडाची भिंत होते. वारली घरांच्या भिंती अशाच उभ्या राहत आल्या आहेत. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुलपाखरांची चंगळ असते. नीलवंत, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला, तो इथे ओल्या मातीवर बसलेला सापडतो. घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांसाठी राखलेली बाग याच डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगता येते: हवा कोरडी, वाटा मोकळ्या, पाहुणे पक्षी भरपूर. भृंगराज, हळद्या, स्वर्गीय नर्तक, सर्पगरुड यांच्यासाठी सकाळी सात-साडेसातची वेळ उत्तम.

उन्हाळ्यात येऊरला जाण्यासारखे काही नाही, असा समज आहे. तो खोटा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर पानांवाचून फुलतात आणि त्यांच्यावर पळसमैनांचे थवे उतरतात. कुसुमाला लालभडक पालवी फुटते. लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. कांडोळाचे पांढुरके, सोललेल्या सालीचे खोड या दिवसांत चांदण्यात दिवा लावल्यासारखे उठून दिसते. करवंदे आणि जांभळे मेमध्ये. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांजवळ मचाण बांधून प्राण्यांच्या नोंदी घेते, कारण पाणी आटल्यावर प्राण्यांना ठरावीक जागी यावेच लागते आणि लख्ख चांदण्यात ते दिसतात. याच काळात वणव्याची भीती सर्वाधिक. वनरक्षक आधीच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेले मोकळे पट्टे, काढून ठेवतात, तरी वाळलेल्या पाचोळ्यात पडलेले एक सिगारेटचे थोटूक पुरते.

या डोंगरावर बिबटे आहेत. २०१५ मध्ये कॅमेरा सापळे लावून केलेल्या पाहणीत उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले; पुढच्या पाहण्यांत ही संख्या वाढलेली दिसली. त्यांच्या आहारात हरणांबरोबर भटक्या कुत्र्यांचाही मोठा वाटा असतो. ढाबे आणि बंगल्यांमागे टाकलेले उष्टे कुत्र्यांना बोलावते, कुत्री बिबट्याला. येऊरमध्ये खरकटे कुठे टाकले जाते हा म्हणूनच सुरक्षेचा प्रश्न आहे. फिरणाऱ्याने अंधार पडण्याआधी खाली उतरावे, एकट्याने फिरू नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये.

वणीचा पाडा, जांभूळपाडा, पाटोणपाडा, रोणाचा पाडा अशा पाड्यांवर आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वारली वाघोबाला देव मानतात, आणि वाघोबात बिबट्याही आला. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या पूजेची वाघबारस येते. ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर (२०११ ची जनगणना) जाण्याच्या कितीतरी आधीपासून या माणसांनी बिबट्याशेजारी राहण्याची रीत बसवलेली आहे. पर्यटक मात्र त्यांच्या अंगणासमोर गाड्या लावतात, घरात डोकावून फोटो काढतात. हे थांबले पाहिजे.

गेल्या काही दशकांत इथे बंगले, हॉटेले, लग्नाची हिरवळ आणि प्रखर दिव्यांखाली रात्री उशिरापर्यंत चालणारी टर्फ मैदाने उभी राहिली. डोंगराच्या कुशीत ध्वनिक्षेपकाचा आवाज घुमतो, पलीकडच्या पाड्यावरही झोप लागत नाही. घुबडे, रातवे, बेडूक यांचे सगळे व्यवहार अंधार आणि आवाजावर चालतात. त्यांना उजेड आणि डीजे दोन्ही मारक. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामासारख्या गोष्टींवर बंधने असलेला पट्टा, जाहीर केले, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. ३१ डिसेंबरला तर नाक्यावर बंदोबस्तच लावावा लागतो. याच डोंगररांगेच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा मार्ग आखलेला असून जुलै २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मार्गाची एकूण लांबी सुमारे ११.८ किमी., ठाण्याकडचे तोंड मानपाड्याच्या बाजूला.

उद्यानाचा नागला हा तुकडा घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेला, खाडीला लागून आहे. डोंगर आणि खाडीकाठ एकाच सकाळी पाहायचा असेल तर तो सोयीचा. येऊरच्या चढावर पाय तयार झालेले बरेच ठाणेकर पुढे शहापूर तालुक्यातल्या माहुलीला जातात. आसनगाव स्थानकावर उतरून गाठता येणारा हा गड सुमारे ८५८ मीटर उंच आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यानंतर इथेच तह केला. शिडीच्या वाटेने वर पोहोचायला दोन-तीन तास धरावेत आणि पाणी खालूनच भरून न्यावे.